चार दिवसांचा बाप

कुवेतमध्ये 22 वर्षं एअर कंडिशनर दुरुस्त करून 2013 साली मी रत्नागिरीला कायमचा परतलो. घर बांधून झालं होतं, मुलीचं लग्न झालं होतं आणि मुलगा दोह्याला जाण्याच्या तयारीत होता. मला करायला काही उरलं नव्हतं. मग मी मासे पाळले. राजिवड्यात हा थट्टेचाच विषय. ज्या मोहल्ल्यात मासा जाळ्यातून थेट कालवणात जातो, तिथे मी त्याला भरवत बसलो होतो!

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून सहा डॅमसेल आणले. पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे, बोटाच्या दोन पेरांएवढा जीव. लक्षद्वीपच्या प्रवाळांत यांचे थवे असतात. शोभेचे बहुतेक समुद्री मासे असेच समुद्रातून धरून आणलेले असतात, घरात जन्मलेला विरळा. डॅमसेल चिवट, म्हणून नवशिक्याला दुकानदार आधी हाच देतात. पण भांडखोरही तेवढाच. पहिल्या महिन्यात सहाचे चार झाले.

समुद्र दाराशी, त्यामुळे पाण्याला पैसा पडत नाही. मात्र पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी पातळ होतं, खारटपणा उतरतो. म्हणून मे महिन्यातच भरतीचं पाणी गाळून, कॅन भरून अंधारात ठेवावं लागतं.

एका सकाळी फजरची नमाज पढून टाकीपाशी आलो, तर मोठा नर एक खापरी तोंडाने घासून साफ करत होता. मग वरखाली उड्या मारत तो मादीला बोलावू लागला. दुपारपर्यंत खापरीवर खसखशीहून बारीक अंडी चिकटली होती. अंडी घालून मादी निघून गेली. नर तिथेच राहिला. परांनी पाणी हलवायचं, खराब अंडी वेचून काढायची, कुणी जवळ आलं की धावून जायचं. मी हात घातला तर माझ्या बोटालाही चावला.

जुबेदा मागे उभी राहून बघत होती. "हा बाप आहे?" तिने विचारलं.

"हो."

ती काही न बोलता आत गेली.

चौथ्या संध्याकाळी अंड्यांतले डोळे चांदीसारखे चमकले. रात्री दिवा मालवल्यावर पिल्लं सुटली, जेमतेम अडीच मिलिमीटरची. सकाळी एकही उरलं नव्हतं. काही फिल्टरमध्ये गेली, बाकीची मोठ्या माशांनी खाल्ली. त्यात बापही होताच. पिल्लं फुटली की त्याला आपलं-परकं राहत नाही. मी हे जुबेदाला सांगितलं.

"चार दिवस तरी बसला ना तिथे," ती म्हणाली.

पुढच्या वेळी अंडी फुटण्याच्या संध्याकाळी खापरीच वेगळ्या टबात हलवली. पण पिल्लांना भरवणार काय? तोंड एवढंसं की आर्टेमियाचं नुकतं जन्मलेलं पिल्लूही त्यात मावत नाही. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणाऱ्या मोहल्ल्यातल्या एका मुलाने हिरव्या शेवाळाची बाटली आणि रोटिफर आणून दिले. त्यापेक्षाही बारीक खाणं हवं होतं, ते समुद्रातच होतं. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडचं बारीक जाळीचं कापड शिवून पिशवी केली. पहाटे होडीमागे ती ओढून कोपेपॉड गोळा करायचे, गाळून त्यांची पिल्लं वेगळी काढायची. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी सगळी पिल्लं तळाशी पडलेली दिसायची. पोटातला बलक संपेपर्यंत खाणं पकडता आलं नाही की संपलं. अशा सात विणी गेल्या.

आठवी वीण ईदच्या आधीची, 2021 सालची. अठराव्या दिवशीही चाळीसेक पिल्लं जिवंत होती. ईद होऊन दोन दिवस झाले आणि 16 मे रोजी तौक्ते वादळ आलं. वीज गेली. बॅटरीचा पंप मध्यरात्री बंद पडला. मी पेल्याने पाणी उचलून हळूहळू टबात सोडत बसलो, तेवढीच हवा मिळावी म्हणून. हात भरून आले, तेव्हा जुबेदाने पेला घेतला.

"94 साली मुन्नाला न्यूमोनिया झाला, तेव्हा अशीच बसले होते," ती म्हणाली. "सात रात्री. तो बरा झाल्यावर तुम्हाला पत्र लिहिलं."

ते पत्र मला आठवत होतं. वाचून मी त्या महिन्यात जास्त पैसे पाठवले होते. तेही आठवत होतं. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. उजाडेपर्यंत आम्ही आळीपाळीने पाणी ओतत राहिलो.

सकाळी नऊ पिल्लं उरली होती. महिना उलटल्यावर त्यांच्या अंगावर तीन पट्टे आले.

मुलाचा दोह्याहून फोन आला. सून आणि नात आमच्याकडेच असतात. नातीने फोन टाकीसमोर धरला आणि एकेका माशावर बोट ठेवत त्याला मोजून दाखवले. एक, दोन, तीन... नऊपर्यंत, न चुकता.

मला वाटलं, तो माशांचं काही विचारेल. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "अब्बा, हिला मोजता कधीपासून यायला लागलं?"

मी त्याला म्हटलं, "बेटा, जमेल तेवढ्या लवकर परत ये. नाहीतर यांना तिकडे घेऊन जा."