तिघांचा उंबरठा

मराठी भाषेने 'आम्ही' या भावनेसाठी दोन निराळे शब्द राखून ठेवले आहेत. 'आमचे घर' असे म्हटले की ऐकणारा मनुष्य अंगणाबाहेर उभा राहतो; 'आपले घर' असे म्हटले की तो चपला काढून आत येतो. आमची आई मात्र घरच्या बोलीत 'आमगेलें' हा एकच शब्द दोहोंसाठी वापरीत असे, आणि तिच्या तोंडी त्याचा अर्थ नेहमी अधिक मोठाच निघे. तथापि घराच्या खरेदीखतात यांपैकी एकही शब्द चालत नाही. तेथे अपूर्णांक लागतो. एका घराचे तीन मालक होणार असतील, तर कोणाचा किती भाग हे अंकी व अक्षरी लिहिलेले बरे असते. आपलेपणा आणि अपूर्णांक यांची सांगड घालताना आम्हां तिघां भावंडांना जे काही उमगले, ते आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

आमचे वडील कारवाराकडून नोकरीच्या निमित्ताने बालाघाटास आले आणि भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कारकून म्हणून राहिले. कुलदेवता शेकडो कोस मागे राहिली. वैनगंगा जवळची झाली. हा मुलूख तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पलीकडचे गोंदिया आणि अलीकडचे आम्ही यांच्यामध्ये अशी एक रेषा आली. परंतु सोयरिकी, बाजारहाट आणि सणवार त्या रेषेवरून सुखेनैव ये-जा करीत राहिले. वाटणी झाली तरी घरोबा तुटत नाही, याचे हे उदाहरण आम्ही लहानपणापासून पाहत आलो.

वडिलांचा जन्म क्वार्टरात गेला आणि म्हातारपण भाड्याच्या घरात. स्वतःच्या नावाची भिंत त्यांना लाभली नाही. ही रुखरुख आम्हां तिघांच्याही मनात होती. अक्का शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन गोंदियास एकटीच राहत होती, धाकटा भाऊ नागपुरास नोकरीत, मी बालाघाटातच. शहरात एक जुने कौलारू घर, मागे विहीर आणि पुढे बऱ्यापैकी अंगण, विक्रीस निघाले. एकट्याच्या आवाक्यात ते कोणाच्याच नव्हते. तिघांनी मिळून घ्यावे, असे अक्कानेच सुचविले. यजमानांच्या पश्चात विकलेल्या भूखंडाचे पैसे तिच्यापाशी होते. तो तिचा उभ्या आयुष्याचा आधार होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

पहिली अडचण कर्जाची. उरलेल्या रकमेसाठी बँकेकडे गेलो, तेव्हा असे कळले की घराचे जितके मालक तितके सारे कर्जदार म्हणून सही करणार. आणि प्रत्येक कर्जदार आपल्या हिश्श्यापुरता नव्हे, तर संपूर्ण कर्जाला बांधील. अक्काने शांतपणे विचारले, "म्हणजे मी माझे सगळे पैसे रोख भरले, तरी तुम्हां दोघांचे हप्ते थकले तर बँक माझ्या दाराशी येणार?" उत्तर होकारार्थीच होते. आम्ही भावांनी आपसांत लिहून दिले की हप्ते आम्हीच भरू. असा कागद भावंडांमध्ये उपयोगी पडतो, परंतु बँकेवर तो बंधनकारक नसतो. भागीदारीच्या घरातला हा पहिला धडा: मालकी वाटून घेता येते, पण कर्जाची जबाबदारी प्रत्येकाच्या खांद्यावर पूर्णच बसते. अक्काने हे समजून उमजून सही केली. त्या सहीचे मोल आम्हांस तिच्या रोख रकमेहून अधिक वाटते.

दुसरी अडचण हिश्श्यांची. रकमेच्या हिशेबाने अक्काचे चाळीस, धाकट्याचे पस्तीस आणि माझे पंचवीस असे शंभरातले भाग पडत होते. धाकट्याला हे रुचले नाही. "अण्णा, आपल्यात कसले आकडे? सरळ तीन समान भाग लिहू," असे तो म्हणाला. त्याच्या मनात औदार्यच होते. तोटा त्याचाही होणार होता. परंतु 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 45 वे कलम वकिलांनी समजावून सांगितले. वेगवेगळ्यांच्या पैशाने एक स्थावर घेतले आणि निराळा करार नसला, तर ज्याने जितके घातले त्या प्रमाणात त्याचा हक्क धरतात. आणि कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर सर्वांचे हिस्से समान मानले जातात. म्हणजे मौन हेही एक लेखनच आहे, आणि ते कोणाच्या बाजूने वाचले जाईल हे आज सांगता येत नाही.

अक्का तेव्हा बोलली ते कोंकणीत बोलली, कारण मनातले बोलताना ती कोंकणीतच बोलते: "कागद मोगाखातीर न्हय, फाटल्यान येतल्यांखातीर." माया आहे तोवर कागद लागत नाही, कागद मागून येणाऱ्यांसाठी असतो. पुढे तिने जे सांगितले ते आम्हां भावांना नवे होते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या संपत्तीत वारसा दिला खरा, परंतु त्याच कायद्याच्या 23 व्या कलमाने राहत्या घराच्या दाराशी तिला थांबविले होते. पुरुष वारस वाटणी करावयास निघेपर्यंत तिला घराची वाटणी मागता येत नसे. ते कलम 2005 साली रद्द झाले आणि त्याच दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क बाप हयात असण्यावर अवलंबून नसल्याचे स्पष्ट केले. अक्काच्या पिढीतील बायकांनी मात्र आयुष्याची अर्धीअधिक वर्षे 'घर तुझेच आहे' हे वाक्य ऐकण्यात काढली. ते खोटे नव्हते, पण ते कोठे लिहिलेलेही नव्हते. "मला यावेळी लिहिलेले पाहिजे," एवढेच ती म्हणाली. त्यानंतर धाकट्याने समान भागांचा आग्रह धरला नाही.

तिसरी अडचण वापराची. हिस्सा पंचवीस असो की चाळीस, तो अविभक्त असतो. अमुक खोली अक्काची आणि तमुक पडवी माझी असे त्यात नसते. प्रत्येक वीट, प्रत्येक कौल तिघांचे. पण राहणार मुख्यतः मी, म्हणजे सर्वांत लहान हिश्श्याचा धनी! मग मी भाडे द्यावे काय? धाकट्याला हा प्रश्नच लाजिरवाणा वाटला. शेवटी असे ठरले की नगरपालिकेचा कर, दरवर्षीची कौले फेरणी आणि विहिरीचा उपसा हे राहणाऱ्याने सोसावे. वासे बदलणे, भिंत बांधणे यांसारखा मोठा खर्च हिश्श्याप्रमाणे वाटून घ्यावा, आणि तो करण्याआधी तिघांची संमती असावी. एक खोली अक्काची म्हणून सदैव मोकळी राहील. ही शेवटची अट कागदात नाही. ती आमच्या पत्नीने आपण होऊन घातली.

चौथी अडचण सर्वांत अवघड: बाहेर पडण्याची. उद्या कोणास पैशाची निकड लागली, किंवा कोणी निवर्तला, तर? कायद्याने सहमालकाला आपला हिस्सा विकण्याची मुभा आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला, तर त्याला लगेच आत येऊन संसार थाटता येत नाही, एवढे संरक्षण उपरोक्त 44 व्या कलमात आहे. आणि तो परका वाटणीचा दावा लावील, तर 1893 च्या विभाजन कायद्याच्या 4 थ्या कलमान्वये घरच्या भागीदाराला न्यायालयाने ठरविलेल्या किमतीत तो हिस्सा परत घेता येतो. पण हे सारे कोर्टाच्या पायऱ्या चढल्यावर! म्हणून आम्ही आधीच लिहून ठेवले: विकणाऱ्याने प्रथम उरलेल्या दोघांस विचारावे, किंमत त्रयस्थ मूल्यमापकाने ठरवावी, घेणाऱ्यास पैसे उभे करावयास एक वर्षाची मुदत असावी. कोणी कधीच विकू नये अशी अट घालण्याचा मोह धाकट्यास झाला होता. तसली संपूर्ण मनाई कायद्यापुढे टिकणे कठीण, आणि माणुसकीलाही ती धरून नाही. ज्या घरातून बाहेर पडता येत नाही, त्याला घर म्हणवत नाही.

अक्काचा मुलगा लंडनला असतो. त्याने तिकडची एक रीत कळविली. तेथे गृहसंस्थेच्या घराचा एखादा अंश, पूर्वी चतुर्थांशापासून आणि अलीकडे काही योजनांत दशांशापासूनही, विकत घ्यावयाचा आणि उरलेल्या अंशाचे भाडे द्यावयाचे. पुढे ऐपत वाढेल तसा हिस्सा वाढवीत जावयाचे. मात्र देखभालीचा आकार बहुधा पुरता द्यावा लागतो, हिस्सा कितीही लहान असला तरी. म्हणजे भागीदारीची डोकेदुखी वैनगंगेकाठीच आहे आणि थेम्सकाठी नाही, असे नव्हे.

पण आम्हां सारस्वतांना हे धडे शोधण्यास इतक्या दूर जावयास नको. कारवार-कानडा सोडून मुंबईस गेलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांना परवडेल असे बिऱ्हाड मिळेना, तेव्हा श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी 1915 साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. भारतातील सहकारी गृहनिर्माणाच्या आद्य संस्थांत तिची गणना होते. त्याआधी 1906 साली आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने त्यांनी सहकारी पतसंस्था काढली होती. पुढे शामराव विठ्ठल बँक म्हणून ओळखली गेली ती हीच. तालमकींची कल्पना अशी की इमारत संस्थेची, संस्था सभासदांची. कोणी एकटा मालक नाही आणि कोणी केवळ भाडेकरूही नाही. गोव्यातील गांवकारीने गावची जमीन सामाईक ठेवून गांवकारांना उत्पन्नाचा वाटा दिला, त्यामागील वृत्तीही याच कुळातली. 1526 साली पोर्तुगीजांनी त्या गावपद्धती लिहून काढविल्या, तेव्हाही त्या जुन्याच होत्या.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट ध्यानात येते. गांवकारी असो की गावदेवीची संस्था, त्यांत आपुलकी भरपूर होती, पण कारभार आपुलकीवर सोडलेला नव्हता. सभा होती, नोंदवही होती, नियम होते. देवस्थानच्या महाजनांचा अनुभवही हाच आहे. देवापुढे सारे समान, तरी पालखीचा मान आणि समयांच्या तेलाचा हिशेब वहीत लिहिलेला असतो. त्याने भक्ती उणावत नाही. उलट उत्सवाच्या दिवशी भांडण टळते.

ज्यांना भावंडांसह, मित्रांसह किंवा पतिपत्नींनी मिळून घर घ्यावयाचे असेल, त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. पैसे कोणी किती दिले याच्या पावत्या जपा. हिस्से खरेदीखतातच लिहा. राहण्याचे, दुरुस्तीचे आणि बाहेर पडण्याचे नियम गोडी असतानाच ठरवा. कडवटपणा आल्यावर ते ठरत नाहीत. नामांतरणात सर्वांची नावे चढली की नाही हे स्वतः पाहा. आणि ज्याचा आधार त्या घराखेरीज दुसरा नाही, त्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐका.

रजिस्ट्री झाली, नामांतरण झाले. हप्त्यांची अजून काही वर्षे उरली आहेत. अक्का दिवाळीपासून इकडेच आहे. परवा शेजारच्या बाई तिला विचारीत होत्या, घर भावाचे का? अक्का म्हणाली, "आपलेच आहे, या ना आत."