बिष्णुपूरला ‘बर्गी’ आले!

वीकेण्डला लोणावळा, लाँग वीकेण्डला गोवा. आम्हा आयटीवाल्या जोडप्यांचा भूगोल साधारण इथेच संपतो. यंदा जानेवारीत मात्र आम्ही पश्चिम बंगालच्या बांकुडा जिल्ह्यात चक्क पाच दिवस काढले. नवऱ्याला सिंगापूरची ऑफर होती आणि त्यावर धड बोलायला दोघांना एकत्र अर्धा तास मिळत नव्हता. तो घरी येतो तेव्हा माझा यूएस कॉल सुरू!

मुक्काम बिष्णुपूरला, म्हणजे मल्ल राजांच्या जुन्या राजधानीत. नियम एकच, दिवसाला एक देऊळ. लिस्ट घेऊन धावणाऱ्यांना ही देवळं दिसतच नाहीत, असं माझं मत झालंय. १६५५चं जोडबांगला घ्या. गवताने शाकारलेल्या दोन बंगाली झोपड्या एकमेकींना टेकून उभ्या असाव्यात, तसं हे विटांचं देऊळ. भिंतीभर भाजलेल्या मातीची चित्रं. पहिली दहा मिनिटं नुसती नक्षी वाटते. मग नावा दिसतात, शिकारी दिसतात, रामायण उलगडतं. आम्ही दोन तास बसलो, आणि मोबाइल कुणीच काढला नाही. (बरं, एकदा काढला.)

संध्याकाळी मुरमुरे आणि गरम चॉप. चहावाल्या माशींनी विचारलं, कुठले? महाराष्ट्र म्हणताच त्या खळखळून हसल्या. ‘म्हणजे बर्गी!’

बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालवर चालून आले. पुढची जवळपास दहा वर्षं या मुलखाने मराठ्यांची लूट सोसली. आजही इथे पोरांना झोपवताना बर्गींची भीती घालणारं गाणं म्हणतात. बिष्णुपूरकर सांगतात, त्या वेळी खुद्द मदनमोहन देवाने दलमादल तोफ डागून मराठ्यांना पळवलं. ती साडेबारा फुटी लोखंडी तोफ अजून गावात आहे. शाळेत आम्ही अटकेपार झेंडे शिकलो, पण त्या झेंड्यांखाली कुणाची तरी गावं जळत होती, हे नव्हतं शिकलो. तोफेपुढे दोघंही गप्प होतो. माशींनी मात्र दुसऱ्या दिवशीही ‘बर्गी, चहा?’ म्हणून हाक मारली आणि आम्हाला ती चक्क आवडली!

चौथ्या दिवशी पांचमुड्याला गेलो. बांकुड्याचे ते लांब मानेचे घोडे इथे कुंभार घडवतात. पाय, मान, धड चाकावर वेगवेगळं करून मग जोडतात. भट्टीची धुराडी उघडी ठेवली तर घोडा लाल, बुजवली तर काळा. भट्टीजवळच्या ओट्यावर सिंगापूरचा विषय निघाला. कुणी घाई करत नव्हतं, म्हणून असेल, पण नवरा पहिल्यांदा म्हणाला, ‘मला जायचंय. आणि तुला नाही, हेही मला माहितीये.’ तासभर बोललो. शेवटी एक वर्ष तो एकटा जाऊन बघणार, असं ठरलं. मला आनंद झाला असं नाही म्हणणार. पण जेवण गेलं. बिउलीची डाळ आणि आलू-पोस्तो, म्हणजे खसखशीतला बटाटा. निदान त्यासाठी तरी जाच!

हावड्याहून ट्रेनने बिष्णुपूर साधारण साडेतीन-चार तास. हिवाळ्यातच जा, खजुराचा नवा गूळ तेव्हाच मिळतो. गावात टोटो करा. घोडा घेतलात तर हॅण्डबॅगेत ठेवा; त्याचे कान आणि शेपूट सुटे निघतात, ते वेगळे काढून मोज्यांत गुंडाळा.