पौषातला गुलाब आणि खालच्या अंगाचे आठ गुंठे

ऊस, कांदा, डाळिंबावर सगळेच लिहितात, आज गुलाबाचं लिहितो. आपल्या सोलापूर भागात गुलाब काय नवा नाही. दक्षिण सोलापुरात वडजीसारखं गाव गुलाबावर ओळखलं जातं. माझा प्लॉट लहान आहे, वीस गुंठे, ग्लॅडिएटर, यंदा सातवं वर्ष. तो ठेवायचा की काढायचा, हे घरात ठरवायचं होतं. त्यासाठी यंदाच्या उशिराच्या बहाराची वही जशी आहे तशी मांडतो.

थंड मुलखातला गुलाबवाला पहिल्या हिमाची वाट बघत बसतो. काश्मीर असो की युरोप, तिथं हिम पडायच्या आधी आलेली फुलं म्हणजे वर्षाची शेवटची फुलं. उन्हाळा संपला की ते नत्र बंद करतात. कोवळी फूट हिमात जळते म्हणून छाटणी टाळतात, आणि शेवटची फुलं झाडावरच राहू देतात. त्याचं फळ धरलं की झाड नवी फूट थांबवतं, काडी पक्की करतं आणि झोपी जातं. आपल्या राज्यात असलं हिम क्वचित. डिसेंबर 2018 मध्ये निफाडला पारा 1.8 अंशावर आला होता, तेव्हा द्राक्षवाल्यांनी पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या. सोलापुरात तेवढं होत नाही. त्यामुळं आपला गुलाब आपणहून झोपत नाही, त्याला झोपवावं लागतं. छाटणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, मग कात्री लावायची. आपल्या गुलाबाची विश्रांती ती एवढीच.

एरवी दसरा झाला की मी छाटणी घेतो. यंदा सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला जो पूर आला तो सगळ्यांना माहीत आहे. माझं रान नदीकाठी नाही, पण काळ्या रानात वाफसा यायला दिवाळी उजाडली. ओल्या रानात छाटणी केली की काडी टोकापासून काळी पडत खाली वाळत येते, म्हणून थांबलो. छाटणी झाली 28 ऑक्टोबरला. पेन्सिलीएवढी जाड काडी ठेवली, बाहेरच्या अंगाच्या डोळ्यावर तिरका काप घेतला, आणि त्याच दिवशी कापावर बोर्डो पेस्ट लावली. डोळा भरलेल्या जागेच्या खालून आलेली रानटी फूट मुळापासून ओढून काढली. ती वरनं कापली तर दुप्पट येते.

आता वहीतली नोंद. माझ्या रानाला उतार आहे. वरचे बारा गुंठे माळाच्या अंगाला, खालचे आठ ओढ्याच्या अंगाला. छाटणी एकाच दिवशी, खत तेच, ठिबकही एकच. वरच्या अंगाला पहिली तोडणी 13 डिसेंबरला, म्हणजे 46 व्या दिवशी. खाली 19 डिसेंबरला, 52 व्या दिवशी. सहा दिवसांचा फरक, आणि तो थंडीचा. गार हवा पाण्यासारखीच असते, जड होऊन उतारानं खाली येते आणि ओढ्याच्या खोलगटीत साचते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जास्तच. मी दोन्हीकडं एकेक थर्मामीटर टांगलाय. पहाटे पाचला वर 13 असताना खाली 10 बघितलेत. गुलाबाला रात्री पंधरा-सोळा अंश मानवतं. त्याच्या खाली गेलं की वाढ मंदावते.

सहा दिवसांनी काय होतं, असं कुणीही म्हणेल. यंदा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार 18 डिसेंबरला होता. घरोघरी महालक्ष्मीची पूजा, शेवटच्या गुरुवारी उद्यापन. वरच्या अंगाची फुलं त्या बाजारात गेली. खालची निघाली दुसऱ्या दिवसापासून. लगेच पौष लागला. पौषात लग्नं नाहीत, मांडव नाही, हार-तुऱ्याला गिऱ्हाईक कमी. बारा फुलांच्या गड्डीचा दर निम्म्यावर आला. वाण तेच, मालक तोच, पण सहा दिवसांत अर्धे पैसे गेले.

त्यात थंडीतल्या फुलाचे गुण-दोष दोन्ही आहेत. फूल सावकाश उमलतं, म्हणून पाकळ्या जास्त भरतात, रंग गडद येतो, काढल्यावर टिकतंही जास्त. पण खालच्या अंगाला बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा काळपट झाल्या. काही कळ्या बुटक्या आणि चपट्या, आत पाकळ्या इतक्या गच्च की उमलायचं नावच नाही. हा रोग नाही, फवारणीनं जात नाही. कळी बारीक असताना गारठा लागला की असं होतं. भुरी मात्र रोगच. दिवसा कोरडं ऊन आणि रात्री दमट गारवा, हे तिला आवडतं. कोवळ्या पानावर पांढरं दिसायला लागलं की मी पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅमनं मारतो, ऊन तापायच्या आत. गारठा वाढणार असं दिसलं की खाली संध्याकाळी ठिबक थोडा वेळ चालवतो. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री सोडते. पण पानावर पाणी पडू देत नाही, नाहीतर रोगाला आवतण.

हे झालं शेतीचं. आता घरचं.

पोराचं म्हणणं सरळ आहे. "आप्पा, वीस गुंठ्याला रोज पहाटे दोन माणसं लागत्यात. ऊस लावला तर सहा महिने फिरकायचं बी काम न्हाई." त्याचं चूक नाही. मजूर मिळत नाहीत. पहाटेच्या गारठ्यात काटेरी झाडात हात घालायला आजकाल कोण येतंय? आमच्या घरात तोडणी कारभारीणच करते, सोबतीला शेजारची एक बाई. हातमोजे आणून दिले तर म्हणाली, मोजा घालून कळीचा अंदाज येत नाही. पाकळ्या घट्ट पण रंग दिसायला लागलेला, अशी कळी बोटालाच कळते.

पण तिनं एक गोष्ट सांगितली ती हिशेबाच्या वहीत नव्हती. ती म्हणाली, "उसाचं बिल दीड वर्षानं येतंय, सोसायटीत जातंय, आन् उरलं तर तुमच्या खात्यावर. फुलाचं पैसं माझ्या हातात येत्यात." मी मागची पानं चाळली. किराणा, दवाखाना, नातीची शाळेची गाडी, दळण, लाईटबिल. घरखर्चाचा बहुतेक पैसा फुलाचा. उसाच्या पैशानं कर्ज फिटलं, विहिरीचं काम झालं, ते खरं. पण महिन्याच्या मधेच कुणापुढं हात पसरायची वेळ या सात वर्षांत आली नाही, ती फुलांमुळं. प्लॉट काढायचा म्हणजे नुसतं पीक बदलायचं नव्हतं, घरातला पैसा कुणाच्या हातात राहणार ते बदलायचं होतं. हे कळल्यावर पोरगंही गप्प झालं.

मग तिघांनी बसून ठरवलं ते असं. खालचे आठ गुंठे उन्हाळ्यात काढायचे. थंडी साचणाऱ्या जागेत झाडाशी भांडण्यात अर्थ नाही. तिथं रब्बीला ज्वारी घ्यायची. आमची मालदांडी याच थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर पोसते. जिथं गुलाबाची कळी चपटी होते तिथं कणीस भरतं. वरचे बारा गुंठे ठेवायचे, पण छाटणी एकदम घ्यायची नाही. चार-चार गुंठ्यांचे तीन तुकडे करून, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं. म्हणजे दोन माणसांत तोडणी उरकते आणि सगळा माल एकाच बाजारात सापडत नाही.

तारीख धरताना सणापासून मागं मोजायचं. माझ्या वहीप्रमाणं ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या छाटणीला 42 ते 45 दिवस, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यातल्या छाटणीला 52 ते 55. तुमच्या रानात दोन-चार दिवस इकडं-तिकडं होईल, म्हणून आपली वही आपणच ठेवा.

यंदा वरच्या अंगाच्या तीन ओळी मुद्दाम राखल्या होत्या, त्यांची छाटणी 20 नोव्हेंबरला केली. आज त्यांच्या कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्यात. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा. त्या आठवड्यात सोलापुरात फूल कमी पडतं. थंडी आणखी वाढली नाही तर या ओळी तेव्हा तोडणीला येतील. वाढली तर चार दिवस मागं जातील आणि गड्डा हुकेल. ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात भुरीवर नजर ठेवणं, संध्याकाळचं पाणी आणि पहाटे लवकर उठणं आहे.

गुलाब काढायच्या विचारात कुणी असेल तर एकच सांगणं. आधी रान वर-खाली फिरून बघा, थर्मामीटर टांगा, आणि घरातल्या बाईला विचारा की हा पैसा जातो कुठं. मग कुदळ उचला.