सांजाच्या जत्रेला, बाबागाडीसह

मैत्रिणींनो, कडेवरचं मूल घेऊन जत्रेला जाऊ नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात खोटं काही नाही. ऊन, धूळ, बाहेरचं पाणी, आणि मूल हातातून निसटलं तर काय या धास्तीने आईला देव दिसतच नाही. तरीही मे २०२४ मध्ये आम्ही आमच्या अडीच वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन टोकियोच्या 'सांजा मात्सुरी'ला गेलो. बरोबर सासूबाईही होत्या. तुमच्यापैकी कुणाचे यजमान वा मुलगा तिकडे नोकरीला असतील आणि तुमचं जाणं होणार असेल, तर उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मात्सुरी म्हणजे देवाचा उत्सव. आणि सांजा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे रव्याचा सांजा आला असेल, तर सासूबाईंच्याही तोच आला होता! जपानीत 'सान' म्हणजे तीन आणि 'जा' म्हणजे देवस्थान. गोष्ट अशी सांगतात, की सन ६२८ मध्ये सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोघा भावांच्या जाळ्यात एक लहानशी मूर्ती आली. गावच्या प्रमुखाने ती कान्नोनची म्हणून ओळखली आणि आपल्या घराचंच देऊळ केलं. ते दोघे भाऊ आणि तो प्रमुख, हे तिघे म्हणजे सांजाचे तीन देव. मूर्ती नदीत सापडल्याच्या कथा आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढचं ऐकून. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी, तोच. चीन-जपानात जाता जाता त्याचं रूप बहुधा स्त्रीचं झालं. "म्हणजे आपलाच की!" असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

उत्सव मेच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास, शुक्रवार धरून तीन दिवस असतो. लहान मूल असेल तर शनिवार निवडा. रविवारी पहाटे देवस्थानच्या तीन मोठ्या मिकोशी बाहेर पडतात. मिकोशी म्हणजे लांब दांड्यांवर बसवलेलं सोनेरी देऊळच. एकेकीचं वजन टनाच्या घरात. त्या दिवशीची रेटारेटी मुलांच्या कामाची नव्हे. शनिवारी ४४ मोहल्ल्यांच्या मिळून शंभरेक लहानमोठ्या मिकोशी दुपारी बाराच्या सुमारास मोठ्या देवळामागे जमतात. आम्ही साडेनऊलाच पोचलो, म्हणजे गर्दी वाढायच्या आत गल्ल्या तरी बघून होतील.

आम्ही राहतो निशिकासाईला. या भागात भारतीय कुटुंबं इतकी आहेत, की तूरडाळ शोधत हिंडावं लागत नाही. तिथून निहोनबाशीला गाडी बदलली की गिंझा लाइनने थेट असाकुसा. शाळेत न जाणाऱ्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर तिकीट लागत नाही. बाबागाडी घडीची आणि हलकी घ्या, कारण लिफ्ट प्रत्येक दारापाशी नसते. मी मुलाच्या सदऱ्याला आतल्या बाजूने कापडाची पट्टी टाचली होती आणि तिच्यावर नाव व आमचे फोन नंबर जपानीत लिहून घेतले होते. मूल हरवलंच तर जवळच्या 'कोबान'मध्ये, म्हणजे पोलीस चौकीत, विचारायचं. सुदैवाने वेळ आली नाही.

देवळाच्या वाटेवर पहिला लागतो कामिनारीमोन, वीजदेवाचा दरवाजा. जुना १८६५ च्या आगीत जळाला. आताचा १९६० साली उद्योगपती कोनोसुके मात्सुशिता यांच्या देणगीतून उभा राहिला. त्यात जवळजवळ चार मीटर उंचीचा, ७०० किलोंचा लाल कागदी कंदील टांगलेला असतो. एरवी तो खाली लोंबत असतो, पण उत्सवात मिकोशी खालून जावी म्हणून त्याची वर घडी करून ठेवतात. आपण दिवाळी झाल्यावर आकाशकंदील मिटतो ना, तसाच!

आतली सगळी वाट दुकानांची. तिथला 'कामिनारी ओकोशी' जरूर घ्या; फुलवलेले तांदूळ पाकात घालून थापलेल्या वड्या, म्हणजे आपल्या चुरमुऱ्याच्या लाडवाची चौकोनी बहीण. जत्रेच्या हातगाड्यांवर एक बाई भराभरा आप्पे उलटत होत्या. तसंच खळग्यांचं बिडाचं पात्र, तसाच टोचा. सासूबाई कौतुकाने पुढे झाल्या, तेव्हा ह्यांनी हळूच सांगितलं, की आत ऑक्टोपसचा तुकडा असतो. त्या दोन पावलं मागे आल्या ते थेट माझ्या पिशवीपाशी. शाकाहारी मंडळींनी इथे फार भरवसा ठेवू नये, साध्या रश्शातही मासळीचा अर्क असतो. मी दशम्या, लिंबाचं लोणचं आणि मुलासाठी गूळ-तूप पोळीचे गुंडाळे नेले होते. लोणी घातलेला उकडलेला बटाटा आणि बर्फाचा गोळा मात्र निर्धास्त खावा. कचऱ्यासाठी घरून पिशवी न्या, रस्त्यात कचरापेटी शोधून सापडत नाही. डायपर बदलायला मोठ्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर स्वच्छ खोली असते, तिथे दुधासाठी गरम पाणीही मिळतं. आपल्याकडच्या यात्रांना एवढी एक खोली झाली तर किती बायकांचं देवदर्शन सुखाचं होईल!

मागच्या एका गल्लीत मोहल्ल्यातली पोरं जमली होती. अंगात आखूड जाकिटासारखे 'हाप्पी', कपाळाला पंचाचा पीळ. त्यांच्यासाठी चाकांचा लहान गाडा होता, त्यावर ढोल, आणि पुढे दोन लांब जाड दोर. ढोल वाजला तसे आमचे चिरंजीव घाबरून माझ्या मानेला बिलगले. पण एका पांढऱ्या केसांच्या आजींनी खाली बसून दोराचं टोक त्याच्यापुढे धरलं आणि काही न बोलता वाट पाहिली. चांगली दोनतीन मिनिटं. मग तो उतरला, आणि चाळीस-पन्नास पावलं दोर ओढत गेला. गाडा अर्थातच मोठी माणसं ढकलत होती. शेवटी सगळ्या पोरांबरोबर त्यालाही खाऊची पुडी मिळाली. मोहल्ल्याची वर्गणी आमची नव्हती, चेहरा तर नव्हताच नव्हता.

"आपल्याकडे एवढ्याशा पोराला रथाला हात लावू देतील का?" हे म्हणाले. खरं सांगू, हा प्रश्न आमच्या घरात साधा नव्हता. पुढच्या वर्षी परतायचं की त्याला इथेच बालवाडीत घालायचं, यावर आमचं रोज बोलणं होतं, आणि नातवाला पालखी म्हणजे काय हे कधी कळणार, ही सासूबाईंची खंत. त्यांच्या माहेरून दरवर्षी वारीला माणसं जातात. त्या गप्प होत्या.

दुपारी मिकोशी आल्या. आपली पालखी संथ चालते, ही मात्र मुद्दाम हिंदकळवतात. तसं हलवल्याने देवाचं सामर्थ्य जागं होतं अशी श्रद्धा आहे. 'सोया, सोया' असा घोष, घामाने निथळलेले खांदे. आम्ही बाबागाडी मिटून एका दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. रस्त्याच्या कडेला थांबू नका, दांड्यांचा झोक कधी कुठे जाईल सांगता येत नाही.

आणि त्यात बायका होत्या. वर बांधलेले केस, पायात अंगठ्याच्या फाळ्याचे कापडी बूट. पूर्वी तिथेही बायकांना खांदा देऊ देत नसत. दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू बदललं. सगळीकडे नाही हं, फुकुओकाच्या हाकाता यामाकासा उत्सवात अजूनही पुरुषच असतात. आमच्यासमोर एक तिशीची बाई तान्हं मूल घेऊन उभी होती. मिकोशी जवळ आली तशी तिने मूल शेजारच्या वयस्क बाईंच्या हातात दिलं, डोक्याचा पंचा आवळला आणि सरळ दांडीखाली शिरली. खांदेकऱ्यांनी सरकून जागा दिली. मूल रडलं नाही, त्या बाईंच्या खांद्यावरून बघत राहिलं.

चिरंजीव मात्र तोपर्यंत गाढ झोपले होते. शंभरांतल्या दहा मिकोशीही त्यांनी पाहिल्या नाहीत.

नंतर आम्ही तिन्ही देवांचं दर्शन घेतलं. मोठं कान्नोनचं देऊळ १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि १९५८ साली पुन्हा बांधलं. तीन देवांचं मात्र १६४९ चं जुनंच टिकून आहे. सासूबाईंनी उदबत्तीचा धूर दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर घेतला, मग स्वतःच्या, मग झोपलेल्या नातवाच्या.

परतीच्या गाडीत त्यांनी एकच विचारलं, "तिने मूल दिलं ती तिची आई होती की सासू?"

"मला काय माहीत हो," मी म्हटलं.

निहोनबाशी येईपर्यंत त्यांचं यावरच चाललं होतं. चेहरेपट्टी जुळत नव्हती, मूल देताना सून काही सांगत बसली नाही, आणि बाईंनीही लगेच हात पुढे केला; तेव्हा ती सासूच असली पाहिजे, असं त्यांचं मत पडलं.