चोडणची वाट

शिरगावाहून चोडण काही लांब नाही. मये गाठायचं, पूल ओलांडायचा, की आपण बेटावर. तरी 1991 साली लग्न होऊन मी या गावात आले ती आजवर चोडणला कधी पाऊल टाकलं नव्हतं. जवळचं असतं ते असंच राहून जातं. गेल्या पौषात नातू आठ दिवस राहायला आला. शाळेसाठी त्याला पक्ष्यांची वही करायची होती. त्याने हट्ट धरला आणि आम्ही दोघं म्हातारी त्याच्यामागून निघालो.

पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली, उकळून गाळलेलं पाणी बाटल्यांत भरलं. बाहेर कुठे जायचं म्हटलं की आम्हा जैनांचं अर्धं घर पिशवीत येतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणजे परतायची वेळही आधीच ठरलेली.

बेटाच्या पश्चिम टोकाला, मांडवीच्या काठी, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सलीम अली 1987 मध्ये गेले, अभयारण्य 1988 मध्ये झालं. पावणेदोन चौरस किलोमीटर जागा, सगळी खारफुटीची. आत शिरलो आणि मला आधी काही पक्षी दिसलेच नाहीत. चिखलातून वर आलेली मुळं तेवढी दिसली, हजारो, बोटांएवढी. नातू म्हणाला, "आजी, ही झाडाची नाकं आहेत. चिखलात हवा नसते ना, म्हणून वर काढलीयत." मग त्या नाकांमध्ये काहीतरी हललं. एक नांगी भलीमोठी आणि दुसरी इवलीशी असे खेकडे, चिखलावर उड्या मारणारी निवटी. माझे पाय जागच्या जागी थांबले. लहानपणापासून शिकवलेलं आहे, चार हात पुढची जमीन बघून चालावं. इथे तर जमीनच जिवंत होती.

पुढे खाजनाच्या बांधावरून चाललो. खाजन म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली शेतं. बांधात जागोजागी मानस असते, लाकडी दारांची. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दारं मिटतात, ओहोटी लागली की आपोआप उघडतात. खारं पाणी शेतात येत नाही आणि शेतातलं जादा पाणी नदीला जातं. कोणी जाऊन उघडझाक करावी लागत नाही. बांधावर माती टाकणारे एक गृहस्थ आम्हाला पाहून म्हणाले, "बाये, सवकास." मग त्यांनीच ओल्या मातीत उमटलेले पंजे दाखवले. पाणमांजराचे. रात्री इथूनच गेलं असणार. नातवाने वही काढली. शेकाट्या, तुतवार, खंड्या, ब्राह्मणी घार, पाणकावळा. मी प्रत्येक पाऊल पंज्यांच्या बाजूने टाकत होते आणि खरं सांगते, मनात थोडा अभिमानही होता, की आपण कशा जपून चालतो.

तेवढ्यात नदीतून बार्ज आला. लांबलचक, पाण्याला टेकलेला, वर तांबड्या मातीचे ढीग. बगळे उठले आणि जरा पुढे जाऊन बसले.

"आजी, त्यात काय आहे?"

मी बोलायच्या आत हे म्हणाले, "खनिज. डिचोलीकडून मुरगाव बंदरात चाललंय." आणि सवयीने हिशोब केला, "आपल्या टिपरच्या दीडशे तरी खेपा असतील यात."

आमचे दोन टिपर होते. खाणीवर लावलेले. त्या काळी चीनमध्ये मालाला एवढी मागणी होती, की गाड्या रात्रंदिवस पळायच्या. मुलांची शिक्षणं, घरावरचा मजला, माझ्या बांगड्या, सगळं त्यातून आलं. श्रावकाने करू नयेत असे पंधरा धंदे आमच्याकडे सांगितलेत, त्यांना कर्मादानं म्हणतात. जमीन फोडून पोट भरणं ते स्फोटकर्म, गाड्या भाड्याने लावणं ते भाटककर्म. मला दोन्ही पाठ होती. पण जमीन आपण फोडत नाही, खाणवाला फोडतो. आपण फक्त वाहतो, अशी मी समजूत घालून घेतली.

मग विहीर आटली. शिरगावात खाणी इतक्या खोल गेल्या, की गावातल्या विहिरींचं पाणी तिकडे उतरलं. वैशाखात लईराईच्या जत्रेला धोंड गावात यायचे, तेव्हा आम्ही टँकरची वाट बघत असायचो. मी टँकरचंही पाणी गाळायचे. गाळून झालं की गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडायची असते. टँकर तर निघून गेलेला. मी गाळणं हातात धरून कोरड्या विहिरीच्या काठावर उभी राहिल्याचं मला आठवतं. शेवटी परसातल्या केळीच्या बुंध्याशी ओतलं. कोणाला सांगितलं नाही.

2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. एक टिपर विकला, दुसरा मागच्या शेडमध्ये आहे. घर तेव्हा कसं चाललं ते माझं मला ठाऊक, म्हणून खाणीवर जाणाऱ्या कोणाला मी नावं ठेवणार नाही. आता खाणी पुन्हा सुरू होतायत. गाडी लावता का, म्हणून यांना दोनदा फोन येऊन गेला. यांनी मला विचारलं नव्हतं आणि मीही विषय काढला नव्हता.

बांधावरच बसून दशम्या खाल्ल्या. नातू जरा पुढे गेला तेव्हा मी म्हटलं, "शेडमधली गाडी विकून टाकू या."

हे नदीकडे बघत राहिले. "पैसे नाहीत म्हणून कुरकुरशील."

"कुरकुरीन. पण ऐका माझं."

"बघू," म्हणाले. यांचं बघू म्हणजे हो नव्हे आणि नाहीही नव्हे. पण तेहतीस वर्षांत हे मी पहिल्यांदाच बोलले होते, ते त्यांनाही कळलं असावं. परतताना गाडीत ते नेहमीसारखा रेडिओ लावायला विसरले.

दिवेलागणीला सामायिकाला बसले. चालताना दुखावलेल्या जिवांची क्षमा मागायची असते. रोज मी मुंग्या, किडे आठवते. त्या दिवशी चिखलातले खेकडे आठवले, आणि मग बार्जमधली माती. पृथ्वीकायसुद्धा जीवच. त्यांचीही मागितली, फार उशिराने.

खाणी बंद झाल्यावर आमच्या विहिरीला हळूहळू पाणी आलं. पूर्वीएवढं नाही, पण घागर बुडते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गाळलं आणि जिवाणी दोराने अलगद खाली सोडली. नातू कठड्यावरून वाकून बघत होता. शेडमध्ये गाडी अजून होती.