चेनची ढील

मथळा वाचून काही जण पान उलटतील. वाणिज्य शाखेच्या मुलाने बँका, महागाई किंवा बेकारी यांवर लिहावे. मोटरसायकलच्या मागच्या चाकावर काय लिहायचे? पण आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाशी सकाळी दहा मिनिटे उभे राहावे. निम्म्या गाड्यांच्या चेनचा खडखडाट कानी येतो. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

माझे आजोळ मध्य प्रदेशातल्या सौंसरचे. पांढुर्णा म्हटले की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार आठवते. त्याच्याच शेजारचा हा तालुका. दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, 2023 साली त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी. आपल्या सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही.

मामांची संत्र्याची बाग आहे आणि शंभर सीसीची एक छोटी मोटरसायकल. तिच्यावर संत्र्याचे क्रेट जातात आणि मामेबहीण पांढुर्ण्याला कॉलेजलाही जाते. वर्षभरात या गाडीच्या दोन चेन गेल्या. दुसरी तर भर रस्त्यात तुटून चाकात अडकली. मागे मामेबहीण होती. वेग कमी होता म्हणून खरचटण्यावर निभावले. तेव्हापासून मामी तिला गाडीवर बसू देईनात, आणि कॉलेजच्या वेळेला बस नाही. म्हणजे प्रश्न चेनचा राहिला नव्हता, मुलीच्या शिक्षणाचा झाला होता.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा तिसरी चेन दोन महिन्यांची होती. मिस्त्रीने ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली होती. गाडीबरोबर मिळालेली हिंदी पुस्तिका कपाटात प्लॅस्टिकमध्येच होती. ती काढून वाचली. गाडी मधल्या स्टँडवर लावून, खालच्या बाजूची चेन मध्यभागी बोटाने वर-खाली करून पाहायची. दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. चाक फिरवत निरनिराळ्या जागी मोजायचे आणि सर्वांत ताठ जागेचे माप खरे धरायचे. आमची चेन अर्धा सेंटिमीटरही हलेना.

ढील कशासाठी? मागचे चाक ज्या चिमट्यात बसते, तो चिमटा खड्ड्यात आणि ओझ्याखाली वर-खाली होतो. त्याची खीळ इंजिनाजवळच्या छोट्या दातेरी चक्राच्या थोडी मागे असते. त्यामुळे ओझ्याने चाक वर येऊ लागले की दोन चक्रांमधले अंतर वाढते आणि चेन आणखी ताणते. रिकाम्या गाडीवर जी चेन जेमतेम पुरते, ती दोन माणसे बसली की कमी पडते. मग दात झिजतात, गिअरपेटीचे बेअरिंग जाते, शेवटी चेन तुटते. उलट फार सैल राहिली तर दातांवरून उतरते. दोन्हींत धोका आहे.

आम्ही एक्सलचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे ताण-नट सोडले आणि चाक पुढे सरकवले. चिमट्यावर दोन्हीकडे खुणा असतात. डावी-उजवीकडे दोन खुणांचा फरक निघाला! म्हणजे चाक तिरपे, आणि दात एकाच बाजूने घासून चकचकीत झालेले. आमच्या जमाखर्चात दोन्ही बाजू जुळल्याशिवाय ताळेबंद होत नाही, इथेही तेच. खुणा जुळवल्या, एक्सल घट्ट केला, पुन्हा मोजले. चाक पुढे आले की मागच्या ब्रेकचा दांडा सैल पडतो. ब्रेकही नीट करून घेतला. हे पुष्कळ लोक विसरतात.

मामा मात्र साशंक. म्हणाले, "काहो भाचेबुवा, इतकी ढिली ठेवता काय? निघून पडन ना रस्त्यात!" वादात न पडता मी त्यांना आणि मामेबहिणीला गाडीवर बसवले आणि मामींना चेन हलवून पाहायला सांगितले. दोघांच्या वजनाने ढील बरीच कमी झाली होती, पण चेन हलत होती. मामींनी दोनदा हात लावून पाहिले. दुसऱ्या दिवशी मुलगी गाडीवरून कॉलेजला गेली.

कन्नडमध्ये 'बिगी' म्हणजे घट्ट. मराठीत 'बिगीबिगी' म्हणजे लवकर लवकर. चेन बिगी केली की गाडी बिगीबिगी पळेल, असा पुष्कळांचा समज दिसतो. घट्ट चेनमुळे उलट गाडी अडखळते.

मामेबहीण आता दर रविवारी पट्टी घेऊन स्वतः माप घेते, चेन पुसून तेल देते आणि वहीत तारीख टाकते. तिसरी चेन अजून चालू आहे. आपल्या मित्रांनीही एकदा पट्टी लावून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे, आणि मागे बसणारे माणूस बहुधा आपल्याच घरचे असते.