अकरा वाजताची बोरीवली

उपग्रहचित्रांवर हात बसवायला बोरीवलीइतके सोयीचे उपनगर क्वचितच सापडेल. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल, त्यात तुळशी आणि विहार तलाव, मधून पश्चिम रेल्वे, मग इमारतींची दाटी आणि शेवटी गोराईची खाडी व तिच्या काठचे कांदळवन. डोंगर, गोडे पाणी, खारे पाणी, झाडी, काँक्रीट, चिखल असे सगळे नमुने थोडक्या अंतरात मिळतात. आणि या सगळ्याची चित्रे फुकट मिळतात.

ही फुकटेगिरी फार जुनी नाही. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली गेला, पण पुढची कित्येक वर्षे त्याची चित्रे विकत घ्यावी लागत. लँडसॅट-७ च्या एका चित्राला ६०० डॉलर पडत. २००८ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने सगळे भांडार विनामूल्य केले आणि तेव्हापासून या कामाची रीतच बदलली. त्यांच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर नावनोंदणी केली की पथ १४८ आणि ओळ ४७ एवढे दोन आकडे टाकून मुंबईची चौकट उघडते. लँडसॅट-७ ची चित्रे घेताना तारीख बघावी. ३१ मे २००३ रोजी त्या उपग्रहातला एक भाग निकामी झाला आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावर काळ्या पट्ट्या आहेत. त्या काळासाठी लँडसॅट-५ बरा.

युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह २०१५ पासून फिरतात. त्यांचे महत्त्वाचे बँड (प्रकाशाचे वेगवेगळे टिपलेले पट्टे) १० मीटरचे, म्हणजे चित्रातला एक चौकोन जमिनीवर १० मीटर लांब-रुंद. लँडसॅटचा चौकोन ३० मीटरचा. चित्रे कोपर्निकस ब्राउझरवर मिळतात. जुन्या लेखांत आणि शिकवण्यांत दिलेला ओपन ॲक्सेस हबचा पत्ता २०२३ मध्ये बंद झाला, तो शोधत बसू नये. भारतीय चित्रांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राची दोन दालने आहेत. २००९ मध्ये सुरू झालेले भुवन पाहण्यासाठी बरे, आणि फाइल उतरवून घ्यायची तर भूनिधी. रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्याची सुमारे २४ मीटरची चित्रे तिथे मिळतात.

गूगल अर्थवर तर इमारतीच्या गच्चीवरची टाकीही दिसते, मग ही खरखरीत चित्रे कशाला, असा प्रश्न हमखास येतो. गूगल अर्थचे चित्र बघण्यासाठी उत्तम आहे. पण ते रंगवून, जोडून तयार केलेले असते आणि त्यात अवरक्त बँड नसतो. झाडी मोजायची तर तोच बँड लागतो, कारण हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश जोरात परत फेकते. सेंटिनेल-२ मध्ये बँड ८ आणि बँड ४ यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले की हिरवाईचा निर्देशांक निघतो. सगळा गणिताचा बडेजाव एवढाच.

चित्र उतरवण्याआधी प्रश्न आणि चौकोन यांचा मेळ घालावा. बारा डब्यांची लोकल १० मीटरच्या चित्रात पंचवीसेक चौकोन लांब भरते, पण रुंदीला एका चौकोनाच्या निम्मीही भरत नाही. दहिसर नदीचे तेच. तुळशीकडून निघून ती बोरीवलीच्या वस्तीतून भिंतींच्या मधून वाहते, तिथे एकाच चौकोनात पाणी, भिंत, रस्ता आणि पिंपळाची फांदी सगळे मिसळते. अशा चित्रावरून नदी किती आक्रसली हे ठरवू पाहणे म्हणजे गजाने सूत मोजणे. जंगलाची कड किंवा तलावाचा काठ मात्र याच चित्रात चोख मिळतो.

ढगांची चाळणी लावतानाही फसगत होते. शोधताना दिसणारी ढगांची टक्केवारी सबंध चौकटीची असते, आणि सेंटिनेलची चौकट ११० किलोमीटरची. ढग घाटमाथ्यावर साचलेले असतात, बोरीवली लख्ख असते, पण ‘वीस टक्क्यांहून कमी’ अशी अट घातली की ते चित्र यादीतून बाद. अट सैल ठेवून छोटी झलक डोळ्यांनी पाहणे केव्हाही बरे. जून ते सप्टेंबर या काळात मात्र झलकाही पाहू नयेत, वेळ जातो.

राष्ट्रीय उद्यानाबाबत ऋतूचा फटका सर्वांत जास्त बसतो. हे जंगल बरेचसे पानझडीचे. ऑक्टोबरच्या चित्रात ते गर्द दिसते, एप्रिलमध्ये करडे. पहिल्या वर्षाचे ऑक्टोबरचे आणि दुसऱ्या वर्षाचे एप्रिलचे चित्र शेजारी ठेवले तर अर्धे जंगल तोडल्याचा पुरावा हाती आल्यासारखा वाटतो, आणि असे पुरावे समाजमाध्यमांवर फिरतातही. तुलना त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करावी. सेंटिनेल-२ साठी आणखी एक तारीख टिपून ठेवावी: २५ जानेवारी २०२२. तेव्हापासूनच्या फाइलींत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना केली, तर हिरवाई एका रात्रीत घटलेली दिसते. जुने चित्र नव्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया केलेले असेल तर तिथेही तेच, म्हणून माहितीच्या फाइलीत प्रक्रियेची आवृत्ती वाचावी.

गोराईच्या खाडीशी आले की पंचांग लागते. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ मुंबईवरून जातात ते सकाळी अकराच्या आसपास, वर्षानुवर्षे तसेच. भरतीची वेळ मात्र रोज पाऊण तासाने पुढे सरकते. कोळीवाड्यातला हिशोब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवशी उपग्रह येतो तेव्हा खाडी तुडुंब भरलेली असते आणि तिवरांच्या मुळांशी पाणी असते. अष्टमीच्या सुमारास तो येतो तेव्हा ओहोटी असते, पण ती भांगाची, अर्धवट. उधाणाची खरी खोल ओहोटी, जेव्हा सगळा चिखल उघडा पडतो, ती सकाळी आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास असते. त्या वेळी हे उपग्रह मुंबईवर नसतातच. खाडीकाठचे कांदळवन वाढले की घटले हे सांगणाऱ्याने दोन्ही चित्रांच्या तिथी जुळवल्या आहेत का, हे आधी विचारावे.

उरलेली वेळ सेंटिनेल-१ भरून काढतो. तो रडारचा उपग्रह. सहाच्या आसपास जातो आणि त्याला ढग आडवे येत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यातले पाणी तुंबणे आणि उधाणाची ओहोटी, दोन्हींसाठी तोच उपयोगी. त्याचे चित्र नवख्याला मिठाच्या खड्यांसारखे दिसते आणि वाचायला शिकावे लागते. शांत पाणी काळे, इमारती पांढऱ्याफटक.

उंचीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून मोजलेली एसआरटीएमची ३० मीटरची माहिती पुरते. कान्हेरीच्या डोंगराचा उतार त्यातून नीट निघतो. सखल भागाचा मात्र निघत नाही, कारण दाट वस्तीत ती उंची जमिनीची नसून बऱ्याच अंशी छपरांची असते.

रस्ते, नाले, इमारती यांच्या रेषा ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्याव्यात. जुना नकाशा हवा तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रक-पद्धतीत बोरीवली ४७ए/१६ या पत्रकात येते. हे सगळे क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत एकावर एक ठेवताना प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर असे निवडावे. अंश-कलांच्या नकाशावर काढलेल्या क्षेत्रफळाला अर्थ नसतो.

शेवटी श्रेय. लँडसॅटची चित्रे कोणीही कशीही वापरावीत, स्रोताचा उल्लेख पुरे. सेंटिनेलच्या नकाशाखाली कोपर्निकसचे नाव आणि वर्ष द्यावे लागते, ओपनस्ट्रीटमॅपखाली तिच्या योगदात्यांचे. भूनिधीच्या अटी फाइल उतरवतानाच समोर येतात. त्या तिथेच वाचून चित्राच्या तारखेसह त्याच फोल्डरमध्ये जपून ठेवाव्यात.